करवतीचं कपाळ

आमच्या गाळ्यातल्या करवतीला कपाळ आहे, हा शोध मी लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला लावला. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, बी.ए. होते आणि मला सगळं कळत होतं. आता सत्तरी उलटली. कळणाऱ्या गोष्टींची यादी बरीच आटोपशीर झाली आहे.

करवत म्हटल्यावर तुम्ही सुताराची करवत डोळ्यांपुढे आणाल, म्हणून आधी सांगते. ही लोखंड कापायची करवत. तिला बँडसॉ म्हणतात, पण आमच्या गाळ्यात ती पहिल्यापासून करवतच. दोन मोठी चाकं आणि त्यांच्यावरून फिरणारं पोलादी पात्याचं अखंड कडं, शिलाई मशीनच्या पट्ट्यासारखं. फक्त याच्या एका कडेला दात. खाली व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी जबड्यात, लोखंडाचा जाड बार आवळून ठेवायचा. मग वरचा सांगाडा आपल्याच वजनाने हळूहळू खाली येतो आणि म्हशीने मान खाली घालून रवंथ करावं तशा शांतपणे बार कापतो. वरून दुधासारखं पांढरं तेलपाणी ठिबकत असतं. यांनी ती मुंबईतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणली, तेव्हाच ती आम्हा दोघांपेक्षा वयाने मोठी होती.

माझं माहेर गिरीजचं. केळीची वाडी. लोखंड म्हणजे कोयता, पावडा आणि विहिरीचा रहाट, एवढीच माझी विद्या. खंडेनवमीला आई कोयत्यांना कुंकू लावायची ते बघत मोठी झाले. सासरी आल्यावर वसई पूर्वेच्या त्या गाळ्यात मी नवं लुगडं नेसून, ताट घेऊन, अगदी मालकीणबाईच्या तोऱ्यात गेले. आता कुंकू लावायचं तर कपाळ हवं. मी करवतीला एक प्रदक्षिणा घातली. पुढच्या चाकाच्या बरोब्बर मध्यावर, जिथे त्याचा दांडा बाहेर डोकावतो तिथे, एक लहानसा गोल खळगा होता. बोटाचं टोक बसेल एवढा. जणू माझ्यासाठीच ठेवलेला.

मी बोट टेकवणार एवढ्यात हे म्हणाले, "अगं, तिथे नको. बाजूला लाव."

"का? देवीला कपाळावर लावतात की कानावर?"

हे मी तीन कामगारांसमोर म्हटलं आणि बोट टेकवलंच. तिघांनी एकदम छताकडे पाहिलं. यांना फार बोलायची सवय नव्हती आणि कारण सांगायची तर मुळीच नव्हती. त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि मी लावलेलं कुंकू पुसायला हात पुढे केला. झालं! दोन दिवस मी त्यांच्याशी फक्त पळीतून बोलले. म्हणजे आमटी वाढताना पळी वाटीवर जरा जोरात आपटून. त्या आमटीत मीठ कधी दुप्पट, कधी अजिबात नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बरं. लाव तिथेच."

संसारातला माझा हा पहिला विजय. तो मी माहेरी जाऊन तिखटमीठ लावून सांगितला. नंतर दर वर्षी त्याच जागी हळद, कुंकू, वर एक अक्षता. कुंकू लवकर झडतं म्हणून पुढे मी ते खोबरेल तेलात कालवायला लागले. शहाणपणाला काही सीमा असते, पण ती त्या वयात दिसत नाही.

हे जाऊन नऊ वर्षं झाली. गाळ्यातला जुना मिस्त्री त्याच्या थोडं आधीच गुडघ्यांमुळे घरी बसला होता. मुलगा मुंबईत ऑफिसात. त्याला करवतीत काडीचा रस नाही आणि त्यात त्याचा काही दोष नाही. करवतीवर ताडपत्री पडली. तरी खंडेनवमीला मी जायची, ताडपत्री वर करून कपाळाला कुंकू लावून यायची. हे नसताना तर दुप्पट भक्तीने.

गेल्या वर्षी माझ्या सुनेची नोकरी गेली. सतरा वर्षं ती अंधेरीतल्या एका कंपनीत खरेदी बघत होती. लोखंडाचे बार, पाइप, पत्रे. कंपनीने कारखाना दुसऱ्या राज्यात हलवला आणि हिला निरोपाला एक पुष्पगुच्छ दिला. लोखंडाची जात, वजन, भाव, हिला सगळं पाठ; फक्त लोखंड कधी हातात घेतलेलं नव्हतं. पंचेचाळिशीत नोकरी शोधायला निघालेल्या बाईला लोक काय सांगतात ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं आहे. भाजी निवडता निवडता ती फोनवर आलेली उत्तरं वाचायची, हवामानाच्या बातम्या वाचाव्यात तशा. "यांनाही नको." आणि मग पुढची मेथीची काडी. हळूहळू तिने वाचून दाखवणंही बंद केलं. ते मला जास्त लागलं.

गणपतीनंतर मुलाने गाळ्यासाठी भाडेकरू शोधला. पुठ्ठ्याची खोकी ठेवणारी पार्टी. आम्ही दोघी गाळा झाडायला गेलो. सुनेने ताडपत्री ओढली, खोकला येईपर्यंत धूळ खाल्ली आणि म्हणाली, "आई, ही चालते?"

"चालायची."

"मग भंगारात का जातेय?"

मी झाडू उचलला. त्या दिवशी जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं, "गाळा मला दे. मी जॉबवर्क घेते. लोकांना बार कापून देते."

मुलगा माझ्यावर गेलाय. त्याला लगेच हसू आलं. पण बायकोचं तोंड बघून त्याने ते वरणात बुडवलं. म्हणाला, "पार्टी दिवाळीनंतर येतेय. तोपर्यंत करवत सरळ कापायला लागली तर गाळा तुझा. नाहीतर भंगारवाला बोलावतो. चालेल?"

"चालेल."

"आणि आई, तू मध्ये पडू नकोस."

मी लगेच मध्ये पडले.

पुढचे दीड महिने आम्ही दोघी रोज जेवणं आटपून गाळ्यात. खाडीची खारी हवा लोखंडाला काय करते ते वसईत राहणाऱ्याला सांगायला नको. डिझेलमध्ये फडकी भिजवून, तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने एकेक भाग घासला. मोटारीच्या झाकणात उंदराचं अख्खं बाळंतपण झालेलं निघालं. मोटार वाइंडिंगला दिली. पितळेची पाटी मी चिंच-मिठाने तांब्यासारखी लख्ख केली. अक्षरं आधीच झिजलेली होती, आता उरलेलीही गेली. मधेच खंडेनवमी आली. सुनेने ताट धरलं, मी पुढच्या चाकाचं कपाळ शोधून ताजं कुंकू लावलं. तिने विचारलं, "इथेच का?" मी म्हटलं, "परंपरा आहे." अशी परंपरा, जी मी सुरू केली होती आणि जिला गाळ्यात दुसरा साक्षीदार उरला नव्हता.

नवं पातं आणलं. बसवायचं कसं? सून म्हणाली, मोबाईलवर बघू. मी म्हटलं, "मोबाईल कशाला? मी शेकडो वेळा बघितलंय." बघितलं होतं हे खरं. पण भजनाला बसलं म्हणून पेटी येत नाही. आम्ही दोघींनी ओढून-ताणून ते कडं चाकांवर चढवलं, बार आवळला आणि बटण दाबलं. पातं अर्धा तास लोखंडावर नुसतं फिरत राहिलं. धूर आला, करपल्याचा वास आला, बारावर चमकदार रेघ उमटली. कापलं काही नाही.

मग मिस्त्रीला बोलावलं. नायगावकडच्या मिठागराच्या गावचा तो. मी त्याला मिस्त्री म्हणते, तो मला वहिनी आणि यांना दादा. रिक्षातून उतरून, काठी टेकत आत आला, पात्याकडे एकदा पाहिलं आणि काठीसकट हसायला लागला.

"वहिनी, झबलं उलटं घातलंय!"

"म्हणजे?"

"दाताची तोंडं मागं. मान्साने पाठीने जेवायला बसावं तसं झालं. काढा, उलटं करा."

पातं काढलं. कडं आतून बाहेर उलटवायचं, उशीचा अभ्रा उलटवतात तसं; फक्त हा अभ्रा चावतो. सुनेने जाड हातमोजे घालून, एकदा ओरडून, ते उलटवलं. परत चढवलं. मिस्त्रीने पात्याला बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला.

"टेन्शन कमी आहे."

"घ्या!" मी म्हटलं. "आमच्या घरात एवढीच एक."

आता पात्याने लोखंड धरलं. तेलपाण्यातून बारीक कीस वाहायला लागला. सून वाकून बघत होती. तुकडा पडल्यावर मिस्त्रीने त्याच्यावर गुण्या लावला. सुतार-गवंडी काटकोन बघायला लावतात तोच तो लोखंडी गुण्या. कापलेल्या तोंडाशी तो धरायचा आणि उजेडाकडे बघायचं. फटीतून उजेड दिसला तर कापणं तिरकं. इथे फटीतून उजेड नाही, सकाळ दिसत होती. केळीचा खुंट घाईत कोयत्याने उडवावा तसं ते तोंड.

मिस्त्रीने टेन्शन वाढवलं, पात्याला धरणारे रूळ सरकवले, पुन्हा कापलं. तिरकंच. तिसऱ्यांदा तिरकं. मग त्याने मशीन बंद करून पुढचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. खडखड वाजलं.

"आतला बुश, दांड्याभोवतीची बांगडी, खल्लास. चाक लटलटतंय, मग पातं सरळ कसं जाणार? याला तेल नाही मिळालं, वहिनी. वर्षानुवर्षं नाही मिळालं. दांडा आत गंजला आणि आता कोरडाच फिरून त्याने बुश खाल्ला."

"मी घातलं ना, काका!" सून कळवळून म्हणाली. "जिथे जिथे भोक दिसलं तिथे घातलं. वहीत लिहिलंय."

"दिसलं तिथं." मिस्त्री म्हणाला. मग त्याने चाकाच्या मध्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. परत चाकाकडे. "अरे देवा."

त्याने खिशातून बारीक पेचकस काढला आणि करवतीचं कपाळ कोरायला लागला. आधी ताजं कुंकू निघालं. मग पिवळी खपली, मग लाल, परत पिवळी, मधे एक तांदळाचा दाणा. खोबरेलात आणि धुळीत मुरून दगड झालेली बुचासारखी गोळी शेवटी टपकन माझ्या पायाशी पडली. मागे काळंभोर भोक.

"हे तेलाचं भोक," मिस्त्री म्हणाला.

"पण मी तर पन्नास वर्षं इथेच लावतेय," मी म्हटलं. "तेव्हा कशी चालायची?"

मिस्त्री काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिला. "आता सांगायला हरकत नाही. दादा काढायचे. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, सुईने. एकदा मी लवकर आलो, तर पकडले गेले. मला म्हनाले, वहिनीला बोलू नको."

"का?"

"म्हनाले, परत दोन दिवस आमटी बिघडेल."

सून खाली बसली. म्हणजे हसता हसता बसलीच, तेलाच्या डब्यावर. मिस्त्रीही हसला. मीही हसले, थोडी उशिरा. दर दसऱ्यानंतर शिवणाच्या डब्यातली एक सुई कमी व्हायची आणि मी मोलकरणीवर डोळा ठेवायची, ते आठवलं. एक माणूस इतकी वर्षं माझ्या विजयाची झाडलोट करत होता आणि मी विजयी मुद्रेने आमटी वाढत होते! नंतर ते गेले, मिस्त्री घरी बसला, आणि उरलेल्या नऊ वर्षांत मी एकटीने, मनोभावे, चाकाचा गळा आवळला. या वर्षी धरून दहा. कपाळ माझं!

ती गोळी मी उचलली, पदराच्या टोकाने पुसली आणि परत खाली टाकली. काय करायचं होतं तिचं?

"आता काय, काका?" सुनेने विचारलं. हसू गेलं होतं. दिवाळीला बारा दिवस होते.

"नवा बुश. गनमेटलचा. लेथवर करून घ्यायचा."

लेथ, म्हणजे लोखंड फिरवून तासायचं यंत्र, आमच्या शेजारच्याच गाळ्यात आहे. तिथला लेथवाला गास-गिरीजच्या वाड्यांतल्या पंपांचे दांडे बनवतो. मला काकी म्हणतो. सून मोजमाप घेऊन गेली आणि तोंड पाडून परत आली. "दिवाळीनंतर म्हणतोय. हातात खूप काम आहे."

मी उठले. त्याच्या गाळ्यात जाऊन एका पिंपावर बसले. त्याचं लेथ वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, "काय रे, याचं कपाळ कुठे असतं?"

मधली भिंत पत्र्याची. त्याने सगळं ऐकलं होतं. हातातलं काम त्याने जागेवर ठेवलं. "काकी, तुम्ही घरी जा. संध्याकाळी बुश आणून देतो. हात मात्र लावू नका."

बुश आला, पिवळाधमक, अंगठीसारखा. मिस्त्रीने शेजारी बसून नुसतं सांगितलं, बसवला सुनेनेच. तो सांगत गेला तसं ती तिच्या ऑफिसच्या वळणदार अक्षरात वहीत उतरवत गेली. रोज काम सुरू करताना या भोकात दोन थेंब तेल. कीस रोज ब्रशने काढायचा, फुंकर मारायची नाही, डोळ्यात जातो. तेलपाणी वासायला लागलं की बदलायचं. संध्याकाळी पात्याचं टेन्शन सैल करून घरी जायचं. हे शेवटचं मुलालाही कुणीतरी सांगायला हवं असं मी म्हटलं, तर सुनेने तेही लिहून घेतलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मुलगा गाळ्यात आला. खोक्यांच्या पार्टीला त्याच दिवशी संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं. सुनेने तीन इंची बार आवळला आणि करवत सुरू केली. मिस्त्रीने बजावलं होतं, हाताने दाबायचं नाही, तिला तिच्या वजनाने येऊ दे. ती दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. बार कापला जाईपर्यंत मी एकही सूचना केली नाही. माझ्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

तुकडा पडला. तिने तो पुसला, गुण्या लावला आणि शटरकडे धरला. एका बाजूला उजेडाचा केस होता. केसापेक्षाही बारीक.

मुलाने वाकून पाहिलं. "थोडंसंच आहे गं," तो म्हणाला. इतक्या मऊ आवाजात, की मला त्याचा राग आला. कीव करणारा नवरा दिवाळीत कुणाला हवाय?

"थोडंसं चालत नाही," सून म्हणाली. "सतरा वर्षं मी असे तुकडे परत पाठवलेत."

मग तिने जे केलं ते कुणी सांगितलं नव्हतं. मिस्त्री तोंड उघडत होता, मी त्याच्या काठीवर पाय ठेवला. तिने मशीन बंद केलं, बार सोडवला आणि गुण्या तुकड्याला लावायच्या ऐवजी व्हाइसच्या जबड्याला लावला. करवत सरळ असेल, पण बार धरणाराच तिरका असेल तर? जबडा सैल करून उचलला. खाली किसाचा एक चपटा कण चिकटलेला होता. नखाएवढाही नाही. तिने तो ब्रशने काढला, जागा पुसली, जबडा गुण्याला लावून परत आवळला. बार धरला. दोन थेंब तेल घातलं. बटण दाबलं. हात पुन्हा मागे.

दुसरा तुकडा पडला तेव्हा तिने तो स्वतः पाहिला नाही. नवऱ्याच्या हातात दिला. "तू बघ."

त्याने गुण्या लावला. शटरकडे धरला. तुकडा फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिलं, मग तिसऱ्या, मग चौथ्या. चष्मा काढून पाहिलं. गुण्या आणि लोखंड यांच्या मधे काही नव्हतं.

"काय?" तिने विचारलं.

त्याने तुकडा तिच्या हातात दिला, खिशातून फोन काढला आणि गाळ्याच्या बाहेर गेला. आम्हाला त्याचं अर्धंच बोलणं ऐकू आलं. "हो, हो... नाही, गाळा नाही मिळणार... नाही, भाड्याचा प्रश्न नाही... घरातच लागतोय."

सून तुकडा हातात घेऊन उभी. मिस्त्रीने आपली काठी माझ्या पायाखालून ओढून घेतली आणि माझ्याकडे रागाने बघण्याचा प्रयत्न केला, जमलं नाही. तेवढ्यात लेथवाला खांद्यावर दोन लांब बार टाकून दारात. तो मगापासून पत्र्याला कान लावून असणार.

"ताई, याचे सहा-सहा इंचाचे तुकडे पाहिजेत. पंपाचं काम अडलंय. आज होतील?"

सुनेने बार हातात घेतला, बोटांनी जाडी चाचपली आणि वहीचं कोरं पान उघडलं. "आज चार होतील. बाकीचे उद्या सकाळी. आणि हा बार गंजलाय, असा परत आणलात तर मी घेणार नाही."

लेथवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

मग ती माझ्याकडे वळली. कपाळावर तेलाचा पट्टा, हातात पेन्सिल. "आई, जरा उठता का? तुम्ही बसलाय तिथे माल ठेवायचाय."

उठले. कुठे बसायचं ते कुणी सांगेना, म्हणून दारात उभी राहिले. उद्या घरून स्टूल आणणार आहे.